लग्न नाही, कागद नाही, मग बाळ कुठल्या देशाचं?

(हे एपिसोडचं शब्दांकन आहे. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे कसंय" थोडे कमी केलेत. बसमध्ये असाल, रेंज नसेल, तर वाचून घ्या.)

आज पुण्याच्या खोलीतून नाही, सिरसाळ्यातून बोलतोय. घराच्या माळवदावर बसलोय. मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या, टोळ्या कारखान्याकडं निघायचे दिवस आहेत.

आजचा विषय एका फोनमुळं सुचला. माझा कॉलेजचा एक मित्र आहे, आपल्याच भागातला. नाव सांगत नाही, त्याला विचारून सांगतोय. तीन वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. तिथं त्याच्यासोबत राहणारी मुलगी पण भारतीयच, विदर्भातली. दोघांचं लग्न झालेलं नाही. घरी कुणालाच माहीत नाही. एका रात्री त्याचा फोन आला, "अरे, मला पोरगी झालीय. सात महिन्यांची आहे."

मी म्हटलं, अभिनंदन की राव!

तो म्हणाला, "अभिनंदन राहू दे. तिला कुठल्याच देशाचा कागद नाही. पासपोर्ट नाही, त्यामुळं गावी आणता येत नाही. वकिलातीत गेलो तर लग्नाचं विचारतील, म्हणून गेलोच नाही."

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. मी कोड लिहितो. पण बग सापडेपर्यंत झोप लागत नाही, तसं झालं. दोन आठवडे कायदा वाचला. जे कळलं ते आज सांगतो.

जन्म झाला म्हणजे देश मिळाला, असं नसतं

आपल्याला वाटतं की भारतीय आईबापाचं मूल भारतीयच असणार, त्यात विचारायचं काय! मलाही असंच वाटत होतं. पण नागरिकत्व ही रक्तात वाहणारी गोष्ट नाही. तो एक नियम आहे, आणि प्रत्येक देशानं तो आपापला लिहिलाय.

काही देश म्हणतात, आमच्या मातीत जन्मला तो आमचा. काही म्हणतात, आमच्या नागरिकाच्या पोटी जन्मला तो आमचा. बरेच देश दोन्हीचं मिश्रण करतात. गंमत कुठं होते? बाळ रक्ताचा नियम मानणाऱ्या देशात जन्मतं, आणि आईबापाचा देश म्हणतो, "आधी आमच्याकडं नोंद करा, मग बघू." अशा वेळी बाळ मधल्या फटीत पडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल डिक्लेअर झालंय, पण त्यात व्हॅल्यूच टाकलेली नाही. अशा माणसाला राज्यविहीन म्हणतात. कुठलाच देश त्याला "हा आमचा" म्हणत नाही.

माझ्या मित्राच्या पोरीचं नेमकं हेच झालं होतं. जर्मनीत परदेशी आईबापाच्या मुलाला जन्मानं नागरिकत्व मिळतं, पण आई किंवा बाप तिथं पाच वर्षं कायदेशीर राहिलेला असावा आणि त्याच्याकडं कायम राहण्याचा हक्क असावा लागतो. जून २०२४ आधी ही अट आठ वर्षांची होती. मित्राला झाली होती तीन. म्हणजे जर्मनीचं दार बंद. उरलं भारताचं.

आपल्या कायद्यातलं इफ-एल्स

आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे. भारतात जन्मलेल्यांसाठी त्यात कलम ३ आहे. ते वाचलं की सरळ इफ-एल्स दिसतं. फक्त जन्मतारीख बघत खाली उतरायचं.

२६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्म? तर तुम्ही भारतीय. आईबाप कोण, हे कायदा विचारत नाही. (परकीय राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडा.)

१ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधी? तर आई किंवा बाप, दोघांपैकी एक भारतीय हवा.

३ डिसेंबर २००४ पासून पुढं? तर दोघंही भारतीय हवेत. किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसलेला हवा.

म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीला जे नुसत्या जन्मानं मिळालं, ते आज शाळेत जाणाऱ्या पोरांना आईबापाच्या कागदांवरून मिळतं. हा बदल आपल्यापैकी किती जणांना माहीत होता? मला नव्हता.

आता भारताबाहेर जन्मलेल्यांसाठी कलम ४. खरा ट्रॅप इथं आहे, त्यामुळं जरा कान देऊन ऐका.

३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होत नाही. त्याचा जन्म भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो, आणि तोही जन्मापासून एका वर्षाच्या आत. सोबत आईबापानं लिहून द्यावं लागतं की या बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. वर्ष उलटलं की दार पूर्ण बंद होत नाही, पण मग दिल्लीतून केंद्र सरकारची परवानगी लागते. त्यात किती वेळ जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

मी मित्राला म्हटलं, "लेका, सात महिने गेलेत. पाच उरलेत. लग्नाचं नंतर बघ, आधी हे कर."

लंडनच्या कोर्टानं आपला कायदा वाचला तेव्हा

कुणी म्हणेल, नोंद ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, मूल तर भारतीयच ना? हाच प्रश्न २०१७ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टापुढं आला. २०१० मध्ये तिथं जन्मलेली एक मुलगी, आईबाप भारतीय. भारतीय वकिलातीत नोंद केलेली नव्हती. ब्रिटिश सरकारचं म्हणणं होतं की ती राज्यविहीन नाही, भारतात नोंद करा म्हणजे झालं.

कोर्टानं आपलं कलम ४ उघडून वाचलं आणि सांगितलं, नोंद झाली नाही तोवर ही मुलगी भारतीय नाही. ब्रिटिश तर ती नव्हतीच. मग ती राज्यविहीनच. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की तिथं जन्मलेलं, राज्यविहीन असलेलं आणि पाच वर्षं तिथंच राहिलेलं मूल ब्रिटिश म्हणून नोंदवता येतं. त्या मुलीसाठी ते दार उघडलं.

हे ऐकून कुणाच्या डोक्यात आयडिया आली असेल, "मग मुद्दाम नोंदच करायची नाही, पाच वर्षं थांबायचं!" थांबा. ब्रिटननं २०२२ च्या कायद्यानं हा मार्ग अरुंद केला. आता मूल दुसरं नागरिकत्व वाजवी प्रयत्नांनी मिळवू शकत असेल, तर हा फायदा मिळत नाही. तेवढी वर्षं लेकराला बिनकागदाचं ठेवून डाव खेळायचा, आणि शेवटी दोन्हीकडून हात हलवत यायचं. असलं करू नका.

बरं, लग्नाचं काय?

आता मुद्द्यावर येतो. माझा मित्र सात महिने घाबरून बसला तो लग्न नाही म्हणून. पण कलम ३ आणि कलम ४ काढून वाचा. "आईबापाचं लग्न झालेलं असावं" ही अटच तिथं नाही. कायदा विचारतो, आईबाप भारतीय आहेत का?

पूर्वी मात्र गोष्ट वेगळी होती. १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीयत्व मिळायचं ते फक्त बापाकडून. आई भारतीय असून उपयोग नव्हता. १९९२ च्या दुरुस्तीनं आईलाही तो हक्क दिला. म्हणजे एकट्या भारतीय आईचं मूलही वंशानं भारतीय होऊ शकतं, हे जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचं आहे. जगात आजही सुमारे २५ देशांत आईला हा हक्क बापाइतका नाही, आणि त्यात आपली पोरं जिथं कामाला जातात ते आखाती देशही आहेत.

म्हणजे लग्नाचा अडथळा कायद्याच्या कलमात नाही, कागदांच्या यादीत आहे. वकिलातींच्या यादीत सहसा आईबापाचं विवाह प्रमाणपत्र असतं. त्यापेक्षाही मोठी अडचण एक पायरी आधी येते. त्या देशाचा जन्मदाखलाच नीट मिळाला नाही, तर वकिलातीत न्यायचं काय?

अबुधाबीतलं एक उदाहरण सांगतो. २०१८ मध्ये एका भारतीय जोडप्याला तिथं मुलगी झाली. बाप हिंदू, आई मुस्लिम, लग्न केरळात झालेलं. भारतात लग्न वैध, तिथल्या नियमात मात्र मुस्लिम स्त्रीनं बिगरमुस्लिम पुरुषाशी केलेलं लग्न बसत नव्हतं. म्हणून जन्मदाखला नाकारला गेला. कोर्टकचेरी झाली, वकिलातीनं मदत केली, आणि २०१९ मध्ये अपवाद म्हणून दाखला मिळाला. लग्न झालेल्यांची ही गत, तर लग्न न झालेल्यांनी आखातात किती जपून राहायला हवं, याचा अंदाज येईल. अमिरातीनं अलीकडं नियम सैल केलेत, पण शेजारचा प्रत्येक देश तसा नाही. तिकडं असाल तर बाळ येण्याआधीच चौकशी करा.

जपानमध्ये तर लग्न ही कायद्यातलीच अट होती. बाप जपानी, आई फिलिपिन्सची, लग्न नाही, आणि बापानं मूल आपलं म्हणून मान्य केलं ते जन्मानंतर. अशा मुलांना जपानी नागरिकत्व मिळत नव्हतं. दहा मुलं सुप्रीम कोर्टात गेली. जून २००८ मध्ये कोर्टानं ती अट घटनाबाह्य ठरवली, आणि त्याच वर्षी कायदा बदलला. आईबापानं लग्न केलं की नाही, यावर लेकराचा काही इलाज नसतो. मग त्याची शिक्षा लेकराला का?

हेच मुंबईत घडलं होतं, उलट्या दिशेनं

आपण "आपली पोरं परदेशात" एवढंच बोलतोय. पण परदेशी लोकांची बाळं आपल्या महाराष्ट्रातही अशीच अडकली होती.

२००८ ते २०१२ च्या काळात भारत सरोगसीसाठी जगभर प्रसिद्ध होता. २०१० मध्ये मुंबईत एका इस्रायली पुरुषाची जुळी मुलं सरोगसीतून जन्मली. तो अविवाहित. भारताच्या दृष्टीनं बाप परदेशी, म्हणून बाळं भारतीय नाहीत. इस्रायलला हवा होता डीएनए पुरावा, आणि तिथल्या कौटुंबिक कोर्टानं ती चाचणी करायचा आदेश द्यायलाच नकार दिला. बाप दोन तान्ही बाळं घेऊन महिनोन्‌महिने मुंबईत अडकला. विषय त्यांच्या संसदेपर्यंत गेला. शेवटी वरच्या कोर्टानं निर्णय फिरवला आणि बाळं घरी गेली. त्याच सुमारास नॉर्वेची एक एकटी बाईही आपल्या जुळ्यांसह अशीच वर्षाहून जास्त काळ भारतात अडकून पडली होती.

त्यानंतर आपल्या गृहखात्यानं २०१२ मध्ये नियम केला की परदेशी लोकांना सरोगसीसाठी व्हिसा हवा असेल तर "हे बाळ आम्ही आमचं मानू" असं त्यांच्या देशाचं पत्र आधी आणावं. २०१५ मध्ये परदेशींसाठी ही सोय बंदच झाली.

बघा, कुठल्याच देशानं त्या बाळांना "तुम्ही नकोसे आहात" असं म्हटलं नव्हतं. प्रत्येक जण फक्त आपापला फॉर्म दाखवत होता.

भारतात जन्मलं, आणि आईबापाचं लग्न नाही?

आई भारतीय, बाप भारतीय, लग्न नाही: मूल भारतीय. प्रश्नच नाही.

एक भारतीय, दुसरा परदेशी पण वैध व्हिसावर: तरीही मूल भारतीय, लग्न असो वा नसो. मात्र भारतीय जर बाप असेल तर तो बाप असल्याचा पुरावा भक्कम लागणार.

एक भारतीय, दुसरा विनाकागद आलेला: इथं कायदा मुलाला जन्मानं नागरिक मानत नाही. आणि दोघंही परदेशी असतील तरी नाही. पण कलम ५ चं उपकलम ४ लक्षात ठेवा. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार कुठल्याही अल्पवयीन मुलाला नागरिक म्हणून नोंदवू शकतं. हा हक्क नाही, सरकारची मर्जी आहे. पण दार आहे, आणि अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातो.

एकट्या आईंसाठी आणखी दोन गोष्टी. ६ जुलै २०१५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अविवाहित आईनं जन्मदाखला मागितला तर तिचं प्रतिज्ञापत्र पुरेसं आहे, बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. आणि डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा बाप, एकाचंच नाव चालतं. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर शांतपणे सांगा.

"आधार आहे ना, मग झालं!"

नाही झालं. आधार कायद्यातच लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही.

मुंबईत राहणाऱ्या एका आजींची गोष्ट बातम्यांत आली होती. जन्म युगांडातला, १९५५ चा. १९६६ मध्ये दहा वर्षांच्या असताना आईच्या पासपोर्टवर बोटीनं भारतात आल्या. आईबापाकडं ब्रिटिश पासपोर्ट होते. इथंच वाढल्या, भारतीय माणसाशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. मतदार कार्ड, लायसन्स सगळं मिळालं. पासपोर्ट मात्र दर वेळी नाकारला गेला, कारण त्या कुठल्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. साठी उलटल्यावर त्यांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. दहाव्या वर्षी राहिलेला एक कागद पन्नास वर्षांनी आडवा आला.

मग करायचं काय? स्क्रीनशॉट घेऊन ठेवा

एक. परदेशात असाल आणि लग्न झालेलं नसेल, तर बाळ जन्मायच्या आधीच पितृत्व मान्यतेची चौकशी करा. जर्मनीत बापानं "हे मूल माझं" असं अधिकृत लिहून द्यायचं आणि आईनं संमती द्यायची, एवढं पुरतं. ते गरोदरपणातही करता येतं.

दोन. तिथला जन्मदाखला घ्या, आणि शक्य असेल तर बहुभाषिक नमुन्यात घ्या. नावांचं स्पेलिंग आईबापाच्या पासपोर्टशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा.

तीन. वकिलातीला ईमेल करून स्पष्ट विचारा, "आमचं लग्न झालेलं नाही, विवाह प्रमाणपत्राऐवजी काय द्यायचं?" उत्तर लेखी असू द्या. फोनवरचं उत्तर उद्या बदलतं.

चार. गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर जन्मनोंदणीचा अर्ज भरा. पासपोर्टचा अर्ज वेगळा, ही नोंद वेगळी. दोन्हीत गोंधळ करू नका.

पाच. एक वर्षाची तारीख मोबाइलमध्ये टाका. सहाव्या महिन्याला पहिला अलार्म.

सहा. वर्ष उलटलं असेल तरी लपून बसू नका. उशिराचं कारण लिहा, पुरावे जोडा, परवानगीसाठी अर्ज करा. जितका उशीर, तितकं अवघड.

आपल्या सिरसाळ्याचं काय?

तुम्ही म्हणाल, आपल्याला जर्मनीशी काय करायचंय? सांगतो.

आत्ता खाली रस्त्यानं जे ट्रॅक्टर चाललेत ना, त्यात पोटुशी बाया पण आहेत. आपल्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. काही लेकरं कोल्हापूर-सांगलीकडं, काही पार कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जन्मतात. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच करायची असते, २१ दिवसांत. सिरसाळ्याला परत आल्यावर इथल्या ग्रामपंचायतीत ती होत नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि २०२५ मध्ये राज्यानं उशिराच्या नोंदींचे नियम आणखी कडक केलेत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला दाखवायचा आहे.

ही लेकरं राज्यविहीन नाहीत. आईबाप भारतीय, म्हणून ती भारतीयच. पण उद्या कुणी विचारलं, "कुठं जन्मलास, दाखव," तर दाखवायला काय आहे? तुमच्या ओळखीत कुणी टोळीवर जात असेल तर एवढंच सांगा: बाळ जिथं होईल तिथल्या दवाखान्याचा कागद सांभाळा, आणि तिथल्याच ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या. मुकादमालाही सांगून ठेवा.

शेवटी, मित्राचं काय झालं

त्यानं वकिलातीला ईमेल केला. विवाह प्रमाणपत्राच्या जागी पितृत्व मान्यतेचा कागद आणि दोघांचं प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं. एक फेरी स्पेलिंगमुळं वाया गेली. पोरगी अकरा महिन्यांची असताना नोंद झाली. लग्नावरून त्याला कुणी बोललं नाही. ज्या भीतीपायी सात महिने घालवले, ती खिडकीवर दोन मिनिटंही टिकली नाही.

आईला त्यानं अजून सांगितलेलं नाही. परवा म्हणाला, "दिवाळीला येईन तेव्हा बघू." मी म्हटलं, ते तुझं तू बघ. तुमचं लग्न, घरच्यांचा राग, लोक काय म्हणतील, हे सगळं तुमचं तिकीट आहे. पोरीचं नागरिकत्व हे वेगळं तिकीट. एक पेंडिंग आहे म्हणून दुसरं अडवून ठेवायचं नसतं.

चला, खाली आई हाका मारायलीय, जेवण झालंय. हा एपिसोड परदेशात असलेल्या एका तरी मित्राला पाठवा. लग्न झालेलं असलं तरी पाठवा, एक वर्षाची अट सगळ्यांनाच आहे. भेटू पुढच्या भागात!